कमळच्या हातांचं क्वालिटी कंट्रोल

३ एप्रिल, गुरुवार

वही आजपासून सुरू. खरं तर ही कमळची वही. अलिबागच्या स्किनच्या डॉक्टरबाईंनी बायकोला सांगितलं, रोज लिहून ठेवा: हाताला काय काय लागलं, आणि खाज दहापैकी किती. पण तिच्या उजव्या हाताच्या बोटांना भेगा पडल्यात, पेन धरवत नाही. शिवाय तिचं अक्षर. म्हणून वही मी ताब्यात घेतली. सव्वीस वर्षं कंपनीत क्वालिटी कंट्रोलला काढलीत. नोंदी कशा ठेवायच्या ते मला कोणी शिकवायला नको.

रोगाचं नाव एक्झिमा. बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, हा संसर्गजन्य नाही. दोन, कायमचा जात नाही, सांभाळत राहावा लागतो. तीन, सहा आठवडे हात पाण्यात, साबणात, मासळीत घालायचे नाहीत आणि दर वेळी हात धुतले की मलम चोपडायचं. पहिलं पटलं. दुसरं अजिबात पटलं नाही. प्रत्येक डिफेक्टला मूळ कारण असतं. ते सापडलं की डिफेक्ट जातो. तिसरं विचाराधीन ठेवलंय, कारण एप्रिल-मे म्हणजे नागावचा सीझन आणि आमचा होमस्टे कमळच्या भाकरीवर उभा आहे. खोल्या चार. रिव्ह्यू चौऱ्याऐंशी. त्यात 'आंटीच्या हातची तांदळाची भाकरी' एकसष्ट वेळा. माझा उल्लेख दोनदा, त्यातला एक पार्किंगबद्दल.

बाईंनी मला विचारलं, घरात भांडी कोण घासतं? मी म्हटलं, आमच्याकडे भांडी घासलेलीच असतात.

१६ मेला आगरदांड्याला कमळच्या भावाच्या मुलीची, भाविकाची हळद. त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते, आणि कमळ ही एकुलती एक आत्या. भाविका हिच्याच कडेवर मोठी झाली. बाईंना विचारत होती, तोपर्यंत हात बरे होतील ना हो? अशा उघड्या भेगांत हळद गेली तर मांडवात बोंब मारीन मी. बाई म्हणाल्या, सांगितलं तसं करा, होतील. आणि माझ्याकडे बघत बसल्या.

मी म्हटलं, माझ्यावर सोडा.

खाज: ७.

४ एप्रिल, शुक्रवार

कामाला लागलो. जुन्या कॅलेंडरच्या मागे फिशबोन डायग्राम काढला. कंपनीत मी यासाठी प्रसिद्ध होतो. माशाच्या डोक्यात 'एक्झिमा' आणि सहा काटे: आहार, हवामान, पाणी, स्वभाव, माहेर, इतर. कमळ तेव्हा ओट्यावर बांगडे साफ करत होती. बघून म्हणाली, काटे छान काढलेत, आता हे पण काढा. विनोदबुद्धी शाबूत आहे म्हणजे आजार गंभीर नाही. तशी नोंद केली.

'काम' हा काटा मुद्दाम घातला नाही. काम तर ती लग्न झाल्यापासून करतेय, एकोणतीस वर्षं. कामाने व्हायचं असतं तर आधीच झालं असतं. (कमळ म्हणते, आधीही झालं होतं, दोनदा. पण तेव्हा नाव माहीत नव्हतं, त्यामुळे धरता येत नाही.)

खाज: ७.

६ एप्रिल, रविवार

हातमोजे आले. रबरी, निळे, परदेशी बनावटीचे. घालून बघितले, मला अगदी बरोबर बसले. कमळच्या हातात ते पाण्याने भरलेल्या पिशव्यांसारखे दिसतात, कारण ते खरोखरच पाण्याने भरतात. बाईंनी आत सुती मोजे घालायला सांगितले होते म्हणे. एकावर एक दोन म्हणजे जरा अतीच.

कमळ म्हणाली, हे घालून भाकरी थापून दाखवा. तिला म्हटलं, भाकरीला सूट. मग मासळीला सूट द्यावी लागली, पापलेट हातातून सुटून थेट बादलीत गेलं. मग वाटणाला, मग लसणीला, मग चहाच्या कपांना. एकूण बघता हातमोजे तिने टीव्ही बघताना घालावेत असं ठरलं. टीव्ही बघायला तिला वेळ नसतो. पण सोय करून ठेवली आहे.

खाज: ७.

९ एप्रिल, बुधवार

कमळने प्रस्ताव मांडला: भांड्यांना रतनबाईला लावू. फेटाळला. कारणं: (१) रतनबाई शेजारी अल्पेशच्या होमस्टेवर जाते. अल्पेश म्हणजे अंगणात सिमेंटची टाकी बांधून तिला स्विमिंग पूल म्हणणारा माणूस. आपल्या किचनमधल्या गोष्टी तिकडे जातील. (२) प्रयोग चालू असताना मध्येच परिस्थिती बदलली की निष्कर्ष बिघडतो. 

कमळ म्हणाली, कसला प्रयोग? म्हटलं, तुझाच.

तिने जोरात पातेलं आपटलं. 'स्वभाव' या काट्यापुढे प्रश्नचिन्ह केलं.

खाज: ७.

१२ एप्रिल, शनिवार

आता आहार. वांगं बंद. टोमॅटो बंद. सुकट बंद. सुकट कमळला जीव की प्राण, म्हणजे संशयाला जागा तिथेच. पाहुण्यांना आणि मला सुकट चालू आहे, कारण आम्हाला रोग नाही. आज करंदीची सुकट तिनेच केली, कांदा-कोकम घालून. अप्रतिम. समोर बसून ती दहीभात खात होती. मी म्हटलं, बघ, सुटतंय का पाणी तोंडाला? हेच व्यसन. ती म्हणाली, तुमच्या तोंडाला सुटू दे की थोडं, गप तरी बसाल.

खाज: ७. सुकटीचा अंश शरीरात पंधरा दिवस राहत असावा.

१६ एप्रिल, बुधवार

दोन दिवस पनवेलला होतो. पर्यटन व्यावसायिकांचं शिबिर. जाताना कमळला बजावून गेलो, आकडा रोज फोनवर सांगायचा. सोमवारी ७. काल ४. आज मी पोचेपर्यंत ३.

हे चमत्कारिक आहे. विचार केला. मी समोर नसलो की ती हाताकडे नीट लक्ष देत नाही आणि आकडा कमी सांगते. रुग्णावर देखरेख किती महत्त्वाची असते ते यावरून कळतं. यापुढे गावाबाहेर जायचं नाही.

परसदारातून रतनबाई जाताना दिसली. म्हणाली, फुलां न्यायला आलेलू. हातात एकही फूल नव्हतं. या बाईवर लक्ष ठेवायला हवं. भांडी मात्र आज फार चकचकीत होती. कमळने मनावर घेतलं की करते.

किचनमध्ये सुकटीचा वास. मी नव्हतो तर कोणासाठी केली?

१९ एप्रिल, शनिवार

लाँग वीकेंड. फुल. भाकऱ्या कालपासून दोनशे दहा. खाज ९. तर्जनीतून रक्त. सविस्तर उद्या.

२० एप्रिल, रविवार

काल रात्रीच्या पंगतीत ठाण्याच्या एका बाईंनी कमळचे हात बघितले. ताटातली भाकरी उचलून नवऱ्याच्या ताटात ठेवली. नवऱ्याने मुलाच्या. मुलाने खाली कुत्र्याला.

अज्ञान! आणि अज्ञान हटवायचं तर माहिती द्यायला हवी. सकाळी सहाला उठून स्वतः बोर्ड रंगवला आणि जेवणाच्या पडवीत लावला:

सूचना. पाहुण्यांनी घाबरू नये. भाकरी थापणाऱ्या बाईंच्या हातावरील रोग संसर्गजन्य नाही. शंका असल्यास विचाराव्यात. — व्यवस्थापन.

दिवसभरात कोणीही शंका विचारली नाही. म्हणजे मजकूर स्पष्ट होता. अकरा जणांनी पाव आहेत का असं विचारलं. दोन कुटुंबं एक दिवस आधीच निघाली. मुंबईची माणसं, कामं असतात.

अल्पेश आला होता. बोर्ड दोनदा वाचला. म्हणाला, काका, मानलं तुम्हाला. एवढा प्रामाणिकपणा आपल्याला नाय जमनार. माहिती म्हणून फोटो काढू का? म्हटलं, काढ, चार लोकांना कळू दे.

दुपारी बघतो तर बोर्ड जाग्यावर नाही. कमळने तो ओट्यावर आडवा टाकून त्यावर कोलंबी सोलली होती. रंग ओला होता. माझं काहीसं उलटं अक्षर कोलंबीवर आलं.

खाज: ९.

२३ एप्रिल, बुधवार

अल्पेशने फोटो होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो चौलला गेला. भाविकाचं सासर चौलचं.

रामचंद्राचा, म्हणजे कमळच्या भावाचा फोन. जरा तापलेला. म्हणाला, भावजी, आवो काय लिवलंव त्या फलीवर? पोराची आय विचारते, हलदीला हात लावनारी बाई रोगी हाय का? आमी काय सांगू? मी म्हटलं, रामचंद्रा, चिंता करू नकोस, हा गैरसमज मी स्वतः दूर करतो. तो म्हणाला, नको. भावजी, पाया परतो, तुमी काय पन करू नका. माणूस भिडस्त आहे.

कमळ दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, हळद माझ्याकडेच आहे ना?

लगेच मुलाच्या वडिलांना फोन लावला. त्वचेच्या थरांपासून सुरुवात केली. पन्नास मिनिटं बोललो. ते सतत हो हो म्हणत होते. पुरावा म्हणून कमळच्या हातांचे चौदा फोटो पाठवले, तारीखवार, जवळून. १९ तारखेचा रक्ताचा सर्वात स्पष्ट आलाय.

खाज: ८.

२४ एप्रिल, गुरुवार

चौलहून निरोप आला. मुलाच्या आईचं म्हणणं, पहिली हळद मावशी लावेल. आत्याने बाजूला उभं राहून अक्षता टाकल्या तरी चालेल.

पूर्ण नकार नाही. 'चालेल' हा शब्द आशादायक वाटतो.

कमळला हे मीच सांगितलं, सौम्य भाषेत. ती पीठ मळत होती. तांदळाची उकड, गरम. मळतच राहिली. उकड थंड होऊन गोळा दगड झाला तरी मळत होती. मी म्हटलं, अगं, हाताला भेगा आहेत, गरम सहन कसं होतं तुला?

२६ एप्रिल, शनिवार

कमळ आकडा सांगत नाही. काहीच सांगत नाही. विचारलं की तांब्या तरी उचलते नाहीतर खाली तरी ठेवते. तूर्तास अनुभवाने भरतो.

खाज: ८ (अंदाजे, भांड्यांच्या आवाजावरून).

२७ एप्रिल, रविवार

वेळ कमी, एकोणीस दिवस. आता मूळ कारण नंतर, आधी उपाय. रात्रभर विचार करून सुचलं: मीठ! आम्ही मिठागरवाले. आजोबांची हयात खाजणात गेली, गुडघाभर खाऱ्या पाण्यात. त्यांना कधी एक्झिमा झाला? पायांना भेगा होत्या, चालताना भिंत धरायचे, पण ते वेगळं. ते काही डॉक्टरकडे गेले नव्हते.

चांगदेवला फोन केला. कंपनीत बरोबर होता, आता धरमतरच्या खाडीकडे भावांचं मिठागर बघतो. त्याने मीठ धरायच्या आधीचं घट्ट पाणी, एक पाच लिटरचा कॅन, टेम्पोवाल्याबरोबर पाठवलं. बरोबर निरोप: हे कशाला हवंय तुला? यात आमचे चपलांचे पट्टे झिजतात.

परात भरली. कमळ नको म्हणाली. मी म्हटलं, हळद लावायची आहे ना? 

तिने दोन्ही हात मनगटापर्यंत घातले.

ओरडली. अल्पेशचे पाहुणे टाकीतून बाहेर येऊन कुंपणापाशी उभे राहिले. मी तिचे हात धरून ठेवले, एक मिनिट तरी राहायला हवेत म्हणून. पंचेचाळीस सेकंदांवर तिने परात उलटवली. माझ्या पायावर. पायाला काहीच झालं नाही, म्हणजे पाणी सौम्य होतं.

झोंबलं म्हणजे लागू पडतंय.

खाज: १०. (हा आकडा तिने स्वतः सांगितला. संवाद पुन्हा सुरू झाला, ही जमेची बाजू.)

३० एप्रिल, बुधवार

रामचंद्र टेम्पो घेऊन आला. त्याला कोणी बोलावलं कळत नाही. बहुधा रतनबाई; ती टेम्पोच्या मागोमाग फाटकात येऊन उभी होती, या वेळी खरोखर फुलं घेऊन. कमळने एक पिशवी भरली. मलमाची ट्यूब घेतली. हातमोजे घेतले नाहीत.

मी म्हटलं, उद्यापासून चार दिवस फुल आहोत, भाकऱ्या? कमळ टेम्पोत चढत म्हणाली, पीठ डब्यात आहे.

रामचंद्र म्हणाला, भावजी, आयने सांगितलाय, पोरीच्या हाताचं फोटो बघून ती दोन दिस जेवली न्हाय. आय म्हणजे माझ्या सासूबाई, वेणूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. या वयात जेवण कमीच होतं, त्याचा हाताशी संबंध लावणं बरोबर नाही. पण वाद घातला नाही.

एकूण बघता हा निर्णय माझाच म्हणायला हवा. हवापालट ही माझ्या योजनेतली पुढची पायरी होती, मांडायची राहून गेली इतकंच.

२ मे, शुक्रवार

भाकरी ही फार सोपी गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, गरम असतानाच मळायचं, पाण्याच्या हाताने थापायची. यातल्या 'गरम असतानाच' या ठिकाणी अडचण आली. तळहाताला दोन फोड. थापलेल्या भाकरीला पाच कोपरे. डोंबिवलीच्या एका छोट्या मुलीने विचारलं, अंकल, हे कुठल्या राज्याचं आहे?

पाव आणले.

४ मे, रविवार

चार दिवस, बावीस माणसं, तीन वेळा जेवण. भांडी. भांडी संपत नाहीत. घासून पालथी घालतो तोवर मागे दुसरी उभी. काहीतरी पद्धतशीर चूक होतेय. 

रतनबाईला बोलावलं. सन्मानाने, परसदारातून नव्हे, पुढच्या दाराने. आली, ओट्यावरचा ढीग बघितला, मग मला बघितलं. म्हणाली, मी न्हाय येत तुमच्यान. तुमी मानसाला नंबर देता. 

नवीन रिव्ह्यू. दोन तारे. संपूर्ण मजकूर: 'आंटी नव्हत्या. अंकल होते.'

कमळचा आकडा रामचंद्राकडून मिळतो, रोज संध्याकाळी. आज ५. मी विचारलं, ती दिवसभर करते काय? म्हणाला, काय न्हाय. आयजवल बसते.

७ मे, बुधवार

माझ्या डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यात थोडं लाल. खाज नाही. म्हणजे आहे, पण तिला खाज म्हणता येणार नाही. साबणाची बॅच खराब असणार. कंपनीला ईमेल केलं, बॅच नंबरसह.

आगरदांडा: ३.

१० मे, शनिवार

आगरदांडा: १.

सापडलं! मूळ कारण सापडलं. पाणी. नागावचं पाणी. इथे आकडा ७ ते १०, तिकडे ५, ३, १. माणूस तोच, हात तेच, मलम तेच. बदललं काय? पाणी! अल्पेशची टाकी गळत असणार आणि ते पाणी आमच्या विहिरीत झिरपत असणार. नमुना भरून तपासणीला दिला. डायग्राममध्ये 'पाणी' काट्याला लाल गोल केला. पाच आठवड्यांत मूळ कारण. कंपनीत एवढ्यावर प्रमाणपत्र द्यायचे.

डॉक्टरबाईंना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे त्या भांडी घासतात का? मी म्हटलं, बाई, तुम्ही पुन्हा तिथेच आलात. त्या म्हणाल्या, मी तिथून हललेच नाही. बोलायला जरा तुटक आहेत.

१३ मे, मंगळवार

पाण्याचा रिपोर्ट: निर्दोष. पिण्यास उत्तम. लॅब बदलायला हवी.

आगरदांडा: ०.

१६ मे, शुक्रवार

हळद. आगरदांडा. बरोबर वही आणि आलेख घेऊन गेलो. मोठा मांडव, दिव्यांच्या माळा, डीजे, वऱ्हाड चौलहून दोन बस भरून.

गेल्या गेल्या मुलाच्या वडिलांना गाठलं. गेल्या खेपेला फोनवर आलेख दाखवता आला नव्हता. १९ एप्रिलच्या पहिल्या शिखरापर्यंत आलो तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं, वॅगनआर कोणाची, बसच्या आड आलीय. माझीच होती. गाडी काढून, वळवून, जेट्टीच्या रस्त्याला लावून येईपर्यंत वीस मिनिटं. तेवढ्यात पहिली हळद लागून गेली.

कोणी लावली? कमळने.

झालं ते असं, म्हणजे लोकांकडून कळलं ते. मुलाची आई मावशीला पुढे कर म्हणत होती. सासूबाई काठी टेकत उठल्या, कमळचा हात धरून त्या बाईंसमोर आणला आणि म्हणाल्या, फोटो बघितलाव ना? आता हात बघा, मंग बोला. त्या बाईंनी कमळचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. बराच वेळ. मग स्वतःच हळदीची वाटी तिच्या हातात दिली. भाविका म्हणे हळद लागायच्या आधीच रडायला लागली, डोळ्यांतलं आणि गालावरचं सगळं एक झालं, कमळही रडली, मग बायका रडल्या, मग डीजे लागला.

हे सगळं माझ्या गैरहजेरीत. पण श्रेय कुठे जात नाही. मी स्टेजवर जाऊन माईक घेतला. म्हटलं, मंडळी, आज जे हात तुम्ही बघितलेत त्यामागे त्रेचाळीस दिवसांचं व्यवस्थापन आहे. डीजेवाल्याला ऐकू गेलं नसावं, त्याने पुढचं गाणं लावलं. लोक टाळ्या वाजवत होते. गाण्याला, पण चेहरे माझ्याकडे होते.

नोंदीसाठी कमळच्या तळहातांचा फोटो हवा होता. मी फोन पुढे केला तर तिने पिवळा पंजा सरळ कॅमेऱ्यावर टेकवला. फोटो आलाय. पूर्ण पिवळा. तारीख घालून ठेवला.

आगरदांडा: ०.

१८ मे, रविवार

काल लग्न लागलं. आज कमळला आणायला गाडी दाराशी लावून ठेवली, डिकी उघडी. संध्याकाळी पाहुणे येणार होते, सतरा. कमळ बाहेर आली. हात मोकळे, बांगड्या भरलेल्या. ओटीवर सासूबाईंच्या बाजूला बसली. 

म्हटलं, चल. म्हणाली, येईन.

म्हटलं, कधी? म्हणाली, खाज सुटली की.

रामचंद्र हसायला लागला तो घरात गेला. 

उत्तर मुद्देसूद आहे. आकड्याशी जोडलेलं आहे. म्हणजे तिला पद्धत पटली.

डिकी बंद करून आलो. वाटेत काशीदला थांबून पाव घेतले.

२१ मे, बुधवार

आगरदांडा: ०.

धीर सोडायचा नाही. एक्झिमा कायमचा जात नाही, डॉक्टरबाईंनीच सांगितलंय. तज्ज्ञ बाई आहे.

माझे हात: दोन्ही. बेचक्या, बोटांची पेरं. डॉक्टरबाईंकडे गेलो, सहज, रस्त्यात होतं म्हणून. बघून म्हणाल्या, सहा आठवडे हात पाण्यात घालू नका. घरात भांडी कोण घासतं?

मी म्हटलं, मी.

त्यांनी मान हलवली आणि कमळला दिलं तेच मलम लिहून दिलं. इतक्या लांब जाऊन एवढंच.

२४ मे, शनिवार

आगरदांडा: ०. रामचंद्राला म्हटलं, तिला जरा मासळी साफ करायला दे, कामाची सवय मोडते. तो म्हणाला, इथं सगली हायत कराय. म्हटलं, निदान कपडे? म्हणाला, भावजी, मशीन हाय. 

या लोकांनी तिची सगळी परिस्थितीच बदलून टाकली आहे. असं केलं तर कधी येणार आकडा?

रिव्ह्यू नवीन नाही. पाहुणे नाहीत, मग रिव्ह्यू कुठून. अल्पेशकडे रात्री उशिरापर्यंत लोक टाकीत पोहत होते. तिथे भाकरी मिळत नाही, तरी जातात.

माझी खाज: लिहीत नाही. पेन धरवत नाही.

२८ मे, बुधवार. दुपारी साडेतीन

डाव्या हाताने लिहितोय.

आज मुद्दाम आडवेळी फोन केला, रामचंद्राला टाळून थेट कमळच्या नंबरवर. संध्याकाळचा आकडा ठरवून शून्य सांगतात अशी शंका होती. दुपारी गाठलं तर खरं काय ते कळेल.

उचलला सासूबाईंनी. म्हणाल्या, कमल झोपलीय.

मी म्हटलं, का? बरं नाही का? खाज उठली का?

म्हणाल्या, बरं नसाय काय झालाय. दुपारची झोपतेच ती. पोर होती तवापासना. जेवली का घटकाभर परायची, मंग कोनाची टाप न्हाय तिला उठवायची. तुमाना म्हायती न्हाय, जावयबापू?

म्हटलं, माहीत आहे की.

उठवू का, म्हणाल्या. नको म्हटलं.

माहीत नव्हतं.